घरामागचा जुना स्विमिंग पूल काढताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मी घरदुरुस्तीची आणि पाडकामाची कामं घेतो. हौसेनं बांधलेले, मुलं शिकायला बाहेरगावी गेल्यावर कोरडे पडलेले छोटे पूल काढायला लोक बोलावतात, आणि पहिल्या चहालाच तेच ते प्रश्न निघतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. हिशेबासाठी सगळीकडे एकच पूल धरलाय : आतून २० फूट लांब, १० फूट रुंद, एका टोकाला साडेतीन आणि दुसऱ्या टोकाला साडेपाच फूट खोल. भिंती ९ इंची काँक्रीटच्या, तळ ६ इंचांचा. तुमचा लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

आमचा पूल गळतो. काढायलाच हवा का, की दुरुस्ती करून भागेल?

आधी तो खरंच गळतो का ते बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, वर गरम वारा. दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडालं तरी आपल्या पुलातून रोज १८५ लिटर गेले, आणि माणूस गळती शोधत बसतो. एक बादली पाण्यानं भरून पुलाच्या पायरीवर ठेवा. आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत आणून दोन्हीकडे खूण करा. २४ तासांनी बादलीत जेवढं कमी झालं तेवढंच पुलात झालं असेल तर तो उन्हाचा प्रताप. पुलात जास्त उतरलं तर गळती.

गळती असेल तर पुलापेक्षा घराकडे बघा. पावसाळ्यात मागचा दरवाजा चौकटीत अडकतो का? खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे का? काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. पूल घरापासून आठ-दहा फुटांवर असेल तर गळतं पाणी पायाखालची माती एका बाजूनं फुगवत राहतं. अशा ठिकाणी मी दुरुस्तीच्या फंदात पडू नका असंच सांगतो. घर सुरक्षित अंतरावर असेल, भेग एखादीच असेल आणि पोहणारं कुणी असेल, तर दुरुस्ती करा की! पूल वाईट नसतो, पोहणारं नसलं की वाईट होतो.

चार ट्रॉल्या माती आणून बुजवून टाकला तर?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

पूल म्हणजे पाणी बाहेर जाऊ नये म्हणून मुद्दाम बांधलेलं भांडं. त्यात माती भरली म्हणून ते भांडं असायचं थांबत नाही. पावसाचं पाणी वरून आत मुरतं, खाली काँक्रीटचा तळ, बाजूला काँक्रीटच्या भिंती. जाणार कुठे? आतली माती चिखल होते, वरचं अंगण दलदलीसारखं हलतं, आणि पाऊस ओसरला की मधोमध खचतं.

माझ्या सुरुवातीच्या एका कामात मीच ही चूक केली. मालकाच्या शेतात काळी माती फुकट होती, ट्रॅक्टर घरचा होता, दोन दिवसांत खड्डा भरला. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. श्रावणात त्यांचा फोन आला, 'भो, मागे तळं झालंय.' दिवाळीनंतर त्याच जागी हात जाईल एवढ्या भेगा. ते सगळं उपसून मी माझ्या खर्चानं पुन्हा भरून दिलं. तेव्हापासून माझा नियम असा : भरावात काळी माती अजिबात नाही, आणि पाणी कुठून बाहेर जाणार हे ठरल्याशिवाय पहिलं घमेलंही टाकायचं नाही.

मग भरायचं कसं?

सगळ्यात आधी तळाला भोकं. फूटभर व्यासाची, चार-पाच फुटांवर एक, आणि खोल टोकाला जास्त. भिंतींचा वरचा दोन फूट भाग चारही बाजूंनी तोडून काढायचा. तुटलेल्या काँक्रीटचे मुठीएवढे तुकडे करून तळाशी पसरायचे. मोठी ढेकळं तशीच टाकली तर मधे पोकळ्या राहतात, आणि पुढे दोन-तीन वर्षं वरची माती त्यांत हळूहळू उतरत राहते. लाकूड, प्लास्टिक, पुलाचं जुनं लायनर, सिमेंटच्या गोण्या यातलं काहीही आत जाऊ देऊ नका. मजूर संध्याकाळी आवरताना नेमकं हेच आत ढकलतात, म्हणून त्या वेळी स्वतः हजर राहा.

तुकड्यांवर मुरूम. सहा ते नऊ इंचांचा थर, पाणी मारायचं, प्लेट कॉम्पॅक्टरनं दाबायचं, मग पुढचा थर. कोपऱ्यात मशीन पोचत नाही, तिथे हातानं ठोकायची धुम्मस घ्या. पाणी किती मारायचं याची सोपी परीक्षा : मूठभर मुरूम आवळा. गोळा झाला आणि बोटानं टोकल्यावर त्याचे दोन तुकडे झाले तर बरोबर. विस्कटला तर कोरडा, हाताला चिकटला तर जास्त ओला. 'शेवटी एकदाच वरून पाणी सोडू, आपोआप बसेल,' असं कुणी म्हणालं तर त्याला काम देऊ नका.

मुरमावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरायचं आणि त्यावर दीड फूट चांगली माती. कापडामुळे वरची माती खाली झिरपून जात नाही.

तळाला भोकं पाडली की पाणी जातं ना?

खाली मुरूम असेल तर जातं. खाली काळी माती असेल तर भोक पाडून फारसं काही होत नाही. ती एकदा भिजून फुगली की जवळजवळ पाणी सोडतच नाही. म्हणून तळ फोडल्यावर एका भोकातून पहारीनं किंवा हाताच्या ऑगरनं खाली काय लागतं ते बघा. दोन-तीन फुटांवर मुरूम लागला तर तिथपर्यंत खड्डा नेऊन त्यात खडी भरा. त्या वाटेनं पाणी उतरेल.

मुरूम लागलाच नाही तर मी खोल टोकाला चार इंची पीव्हीसी पाइप उभा ठेवून भराव करतो. पाइपच्या खालच्या दोन फुटांना भोकं, भोवती जाळी आणि खडी, वर झाकण. पावसाळ्यात झाकण काढून दोरीला दगड बांधून सोडायचा. दोरी किती भिजली यावरून आत किती पाणी साठलं ते कळतं. फार साठलं तर छोट्या पंपानं उपसता येतं. पाइपला खर्च किरकोळ, पण अंगणाखाली काय चाललंय ते दिसतं. अंगणाचा उतार मात्र घरापासून दूर आणि भरावाच्या बाहेर हवा, आणि गच्चीचा पन्हाळपाइप भरावावर कधीही सोडायचा नाही.

पूर्ण काढणं आणि असं अर्धं तोडून भरणं, यात तुम्ही काय सुचवता?

त्या जागेवर पुढे कधीही बांधकाम करायचं मनात असेल, किंवा घर विकायचा विचार असेल, तर पूर्ण काढा. फक्त अंगण, फुलझाडं, धुणं वाळत घालायला जागा एवढंच हवं असेल तर अर्धं तोडून भरलेलं पुरतं. खर्चात मोठा फरक पडतो. तो आकड्यांत बघा.

आपल्या पुलाचं आतलं घनफळ ९०० घनफूट, म्हणजे ९ ब्रास. अर्धं तोडून भरताना तुटलेल्या भिंती आतच जातात, वर तीन ब्रासच्या आसपास माती, आणि मधे साडेपाच ब्रास दाबलेला मुरूम. ट्रॉलीतला सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून पाव हिस्सा जास्त धरा. ७ ब्रास मागवा.

पूर्ण काढताना तळ आणि भिंती मिळून साडेतीन ब्रासच्या आतबाहेर काँक्रीट निघतं. वजन २२-२३ टन. फोडल्यावर ते फुगून पाच ट्रॉल्या होतात, आणि ते सगळं बाहेर न्यावं लागतं. खड्डाही भिंतींच्या जाडीएवढा मोठा होतो, त्यामुळे मुरूम ११ ब्रासपर्यंत जातो. शिवाय फोडण्याचे दिवस वाढतात.

ठेकेदाराकडून 'एकरकमी सगळं करून देतो' असा भाव घेऊ नका. फोडकाम वेगळं, मलबा नेणं वेगळं, मुरूम ब्रासप्रमाणे, आणि दाबून देणं वेगळं लिहून घ्या. एकरकमी कामात धुम्मस पहिल्या थरानंतर कोपऱ्यात उभी राहते. मुरूम सुट्या ट्रॉलीवर मोजायचा की भरावात दाबून मोजायचा हेही आधीच ठरवा. निम्मी भांडणं तिथलीच.

पूल न काढता पावसाच्या पाण्याची टाकी करता येईल का?

येते, आणि काही घरांत तेच शहाणपणाचं ठरतं. जळगाव भागात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून, वाया जाणारं वजा करून, ५० हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. आपल्या पुलात साडेपंचवीस हजार लिटर मावतं. नळाला चार-चार दिवस पाणी नाही अशा गावात हा मोह सोडवत नाही.

पण अटी आहेत. पूल गळका नसावा. वर स्लॅब हवा, नुसती ताडपत्री नाही. उघडं पाणी म्हणजे डासांची पैदास, आणि डेंग्यूचा डास तर स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. लहान मूल पडण्याची भीती वेगळी. स्लॅबला माणूस उतरेल एवढं झाकण, त्याला कुलूप, आणि गच्चीच्या पाण्याला गाळणी हवी. स्लॅबचं डिझाइन इंजिनिअरकडून करून घ्या. पुलाच्या भिंती वरून छताचं वजन घेण्यासाठी बांधलेल्या नसतात.

बरेच जण विचारतात, तळ फोडून पुनर्भरण खड्डाच का करू नये? शिरपूरला नाले खोल-रुंद करून जमिनीत पाणी मुरवलं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे ही कल्पना लगेच सुचते. यावल, रावेर, चोपड्याकडे केळीनं आणि बोअरवेलनी पाण्याची पातळी फार खाली नेली आहे, तेव्हा भावना अगदी बरोबर आहे. पण शिवारातला नाला वेगळा आणि घराच्या पायापासून सहा फुटांवरचा खड्डा वेगळा. पाण्याला पायाशेजारीच मुरायला लावलं की काळी माती फुगणार, आणि मग भिंतीच्या भेगा मोजत बसायचं. पुनर्भरण करायचंच असेल तर घरापासून आणि शेजाऱ्याच्या पायापासून जितकं लांब जमेल तितकं, आणि काळ्या थराच्या खाली मुरमात.

गल्ली अरुंद आहे, जेसीबी आत येत नाही. मग?

जेसीबीला आठ फूट रुंद वाट लागते आणि वळायला जागा वेगळी. बहुतेक छोट्या प्लॉटवर बाजूला पाच फूटच मोकळे असतात. तीन-साडेतीन फुटांच्या वाटेनं जाणारा मिनी एक्स्कॅव्हेटर मोठ्या शहरांत भाड्यानं मिळतो. तो नसेल तर इलेक्ट्रिक ब्रेकर, पहार, घण आणि माणसं. कंपाउंड वॉलचा एक भाग उतरवून मशीन आत घ्यायचा पर्यायही असतो. भिंत पुन्हा बांधायचा खर्च आणि वाचणारी मजुरी यांची तुलना करून ठरवा.

मलबा ज्या वाटेनं बाहेर जाणार तिच्याखाली ड्रेनेजचे चेंबर किंवा पाण्याची टाकी आहे का ते पहिल्या दिवशी बघा. भरलेल्या ट्रॉलीखाली सेप्टिक टँकचं झाकण फुटलेलं मी पाहिलंय. त्याचं वर्णन करत नाही.

काम कधी काढावं?

होळी झाली की फोडायला सुरुवात करा, आणि मे संपायच्या आत भराव पुरा करा. उन्हाचा त्रास आहेच, म्हणून माणसं सकाळी सहाला लावा आणि अकराला थांबवा. पावसाळा डोक्यावर आल्यावर रिकामा खड्डा उघडा ठेवू नका.

याचं एक कारण लोकांना खरं वाटत नाही : रिकामा पूल तरंगतो. आपल्या पुलाचं वजन २२-२३ टन. बाहेरच्या जमिनीत पाणी काठापर्यंत चढलं तर खालून ३५ टनांपर्यंत जोर येतो. आत पाणी असेल तोवर ते दाबून धरतं. पावसाळ्यात पूल रिकामा केला की एक बाजू वर उचलली जाऊ शकते, आणि सोबत पाइप आणि आजूबाजूची फरशीही. म्हणून पावसाळ्यात पूल रिकामा करायचा असेल तर आधी थोडं खणून जमिनीतलं पाणी बघा. तळाला भोकं पाडली की हा धोका संपतो.

पाणी हिरवं झालंय, डास झालेत. काम सुरू व्हायला अजून महिना आहे.

पालिकेच्या हिवताप विभागाकडे गप्पी मासे मागा. त्या पाण्यात क्लोरीन टाकू नका, मासे मरतील.

पूल रिकामा करायचा आहे आणि पाणी क्लोरीनचं असेल तर डोस बंद करून आठवडाभर उन्हात राहू द्या. आपल्या उन्हात क्लोरीन लवकर उडतं. तपासणीचे थेंब टाकून पिवळा रंग येत नाही अशी खात्री झाली की ते झाडांना देता येतं. पण एकदम नाही, आणि घराच्या कडेला नाही.

पंपघरात उरलेल्या केमिकलकडे मात्र लक्ष द्या. ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लिचिंग पावडर एकाच डब्यात ओतली तर भडकाही उडू शकतो. डबे बंद, वेगवेगळे, कोरड्या जागी. मजुराला 'हे फेकून दे' म्हणून सांगू नका. वीज मेन बोर्डापासून तोडून घ्या. पुलातल्या दिव्यांची वायर भिंतीतून गेलेली असते आणि ब्रेकर तिला ओळखत नाही.

परवानगी लागते का?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत पाडकामही येतं. म्हणून पालिकेच्या नगररचना विभागात आधी लेखी विचारा. मंजूर नकाशावर पूल दाखवलेला असेल तर त्याची प्रत सोबत न्या. घरपट्टीला पुलाची नोंद असेल तर काम झाल्यावर ती कमी करून घ्यायचा अर्जही द्या. हे लोक विसरतात.

मुरूम गौण खनिज आहे. ट्रॉलीवाल्याकडे रॉयल्टीची पावती आणि वाहतुकीचा पास मागा. पकडलेली ट्रॉली तुमच्या दारात उभी असेल तर प्रश्न तुम्हालाही विचारले जातात.

मलबा कुठे टाकायचा?

रस्त्याकडेला नाही, नाल्यात नाही. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्राचे वेगळे नियम आहेत, आणि पालिकेनं जागा ठरवून दिलेली असेल तर तिथेच न्यावा लागतो. त्याआधी जे कामाचं आहे ते काढा. सळ्या भंगारात जातात, तेवढ्यात मजुरांचा चहा सुटतो. स्टीलची शिडी विकली जाते. टाइल्सच्या तुकड्यांचं गच्चीवर चायना मोझॅक करू म्हणून लोक खूश होतात. करा, पण निळे तुकडे पांढऱ्याइतकं ऊन परतवत नाहीत. गच्ची थंड हवी असेल तर पांढरे निवडून घ्या.

पूल शेजाऱ्याच्या भिंतीला लागून आहे.

मग त्या बाजूची पुलाची भिंत कदाचित शेजाऱ्याच्या अंगणातली माती रोखून धरत असेल. ती एका दमात तोडू नका. चार-पाच फुटांचा तुकडा तोडा, भरा, दाबा, मग पुढचा. काम सुरू व्हायच्या आधी शेजाऱ्याला सोबत घेऊन त्याच्या भिंतींचे फोटो काढा, जुन्या भेगांवर तारीख लिहा. नंतर प्रत्येक भेग तुमच्या ब्रेकरनंच पडलेली असते.

पाण्याची जागा बुजवू नये म्हणतात. काही दोष लागतो का?

आजी-आजोबा विहिरीबद्दल सांगायचे, आणि जिवंत पाण्याची विहीर बुजवू नये हे मलाही पटतं. नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या टाइल्सच्या टाकीला तो नियम लावायचा का हे तुम्ही घरात ठरवा. मी कुणाशी वाद घालत नाही. पूजा करा, नारळ फोडा, मग ब्रेकर लावू. फक्त मुहूर्त आषाढातला काढू नका.

भरलेल्या जागेवर खोली बांधता येईल? झाडं?

अर्धं तोडून भरलेल्या जागेवर खोली नाही, पाण्याची भरलेली टाकी नाही, गाडीही शक्यतो नाही. पूर्ण काढलेल्या जागेवर बांधायचं असेल तर पाया भरावावर टेकवायचा नाही. तो खालच्या पक्क्या थरापर्यंत न्यायचा किंवा अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खालच्या टोकाला फुगीर असलेले काँक्रीटचे खोल खांब, घ्यायचे. काळ्या मातीसाठीच ही पद्धत रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं विकसित केली. त्याआधी मातीची तपासणी करून घ्या.

दीड फूट मातीत मोगरा, जास्वंद, तुळस, पालेभाज्या मजेत येतात. आंबा, कडुनिंब नको, मुळं खाली काँक्रीटला अडतात आणि वादळात झाड आडवं होतं. लिंबू आणि कढीपत्ता पिवळे पडले तर नवल नाही. आपली जमीन आधीच चुनखडीची, त्यात खाली सिमेंटचे तुकडे, मग झाडाला लोह मिळत नाही. शेणखत भरपूर द्या. केळी लावू नका. मुळं वरवरची असली तरी पाणी फार मागते, आणि ते पाणी घराच्या पायाशी नको.

पहिल्या पावसात इंच-दोन इंच खचलं. काम बिघडलं का?

सगळीकडे सारखं बसलं असेल तर नाही. वरून माती टाकून उतार पुन्हा करा. एकाच जागी खळगा पडला आणि तो दर पावसाला खोल होत असेल तर खाली पोकळी आहे. वरून भरत बसण्यापेक्षा तेवढा भाग उकरून बघा. ठेकेदाराचे शेवटचे पैसे एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवलं असेल तर तो स्वतः येऊन बघतो.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुली माहेरी येतात, त्या जागेवर झोका हवा आहे. चालेल?

मार्चमध्ये भरून एप्रिल-मेमध्ये झोका, असं नको. एक पावसाळा जाऊ द्या आणि पुढच्या आखाजीला लावा. लोखंडी चौकटीचा झोका असेल तर त्याचे खांब भरावात रोवू नका, जुन्या पुलाच्या हद्दीबाहेर घ्या. ती हद्द लक्षात राहत नाही, म्हणून भरायच्या आधीच कंपाउंडच्या दोन कोपऱ्यांपासून पुलाच्या चारही कोपऱ्यांची मापं टेपनं घ्या, कागदावर लिहा, रोजच्या थरांचे फोटो काढा, आणि तो कागद घराच्या खरेदीखतासोबत ठेवा. अंगणात कडुनिंब असेल तर चौकटीची भानगडच नको. दोर आणि पाट आणा, फांदी तेवढी बघून घ्या.